दोन सर्वर घेतले म्हणजे झालं का?

नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने गिऱ्हाइकांसाठी एक नोटीस काढली होती. त्यांच्या काही एसएसडींच्या (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्क) फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्कच्या आतल्या तिच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये, असा घोळ निघाला की डिस्क एकूण ३२,७६८ तास चालली की मरते, आणि मरते म्हणजे खरंच मरते, डिस्क पण परत येत नाही आणि आतला डेटा पण नाही. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास. प्रोग्रामिंगवाल्यांना आकडा लगेच ओळखू येईल, २ चा १५ वा घात. उपाय एकच, तास भरायच्या आधी नवं फर्मवेअर टाका. आता ज्याने जास्तीचे पैसे घालून, नीट विचार करून, एकाच्या जागी दोन डिस्क लावल्या होत्या त्याचं काय? दोन्ही डिस्क एकाच दिवशी खोक्यातून निघाल्या, एकाच दिवशी सर्वरमध्ये बसल्या, एकाच बटणाने चालू झाल्या. मग दोघींचे तास पण एकदमच भरणार ना. चार लावल्या असतील तर चारही.

हे आधीच सांगून टाकलं कारण सर्वर वाचवायचा म्हटलं की ज्याला विचाराल तो सांगतो, सगळं डबल ठेवा भिया, टेन्शन संपलं. डबल ठेवणं बरोबरच आहे पण ती अर्धीच गोष्ट झाली. आपल्या इंदूरातलंच बघा, घरी नर्मदेचं कनेक्शन असतं आणि बोरिंग पण असतं म्हणून माणूस निश्चिंत असतो, पण नर्मदेचं पाणी खालच्या हौदातून वर टाकीत चढवणारी मोटर आणि बोरिंगची मोटर दोन्ही एकाच मीटरवर, त्यामुळे लाईट गेली आणि टाकी संपली की दोन दोन सोयी असून नळ कोरडा. पुढे जे काही लिहिलंय, डिस्क असो, पॉवर सप्लाय असो की अख्खा सर्वर, प्रत्येक ठिकाणी हाच एक प्रश्न विचारत जायचंय की ही दोन कुठल्या एका गोष्टीवर टेकून उभी आहेत.

आधी सेंट्रल सर्वर म्हणजे नक्की काय ते बघू. वीस-तीस कॉम्प्युटरचं ऑफिस असतं, पतपेढी म्हणा, पॅथॉलॉजी लॅब म्हणा, कोचिंग क्लास म्हणा, तिथे कोपऱ्यात एक डबा घोंगावत असतो आणि कुणाचं त्याच्याकडे लक्ष नसतं. सकाळी तुम्ही लॉगिन करता तेव्हा पासवर्ड तो तपासतो. नवीन लॅपटॉप किंवा प्रिंटर जोडला की त्याला आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) तो देतो, हे डीएचसीपीचं काम. ब्राउझरमध्ये वेबसाईटचं नाव टाकलं की त्या नावाचा नंबर शोधून तो देतो, हे डीएनएसचं काम. वर शेअर्ड फोल्डर, टॅलीचा डेटा, बिलिंगचा डेटाबेस, हे सगळं त्याच्याच पोटात. म्हणून तो पडला की लोक फोन करून सांगतात "इंटरनेट बंद आहे". इंटरनेट मस्त चालू असतं, फक्त नावाचा नंबर सांगणारा कुणी उरलेला नसतो.

डीएचसीपी गेल्याचं तर लवकर कळत पण नाही, कारण ज्यांना आधीच पत्ता मिळालाय त्यांचं मुदत संपेपर्यंत चालत राहतं (विंडोजच्या सर्वरवर ही मुदत न बदलता ठेवली तर ८ दिवसांची असते), मग अर्ध्या लोकांचं चालतं अर्ध्यांचं नाही, आणि आयटीवाला दिवसभर केबल हलवत बसतो.

डीएनएस बनवणाऱ्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. १९८७ च्या मूळ नियमातच लिहिलंय की प्रत्येक झोनची, म्हणजे नावांच्या प्रत्येक गटाची, माहिती निदान दोन सर्वरवर पाहिजे. मग लोकांनी काय केलं, दोन सर्वर घेतले आणि एकाच खोलीत, एकाच नेटवर्क स्विचला (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा) लावले, नियम पाळला! शेवटी १९९७ मध्ये आरएफसी २१८२ नावाचं इंटरनेटच्या नियमांचं वेगळं कागदपत्र काढून सांगावं लागलं की बाबांनो, दुसरा सर्वर नेटवर्कच्या दृष्टीने पण लांब ठेवा आणि भूगोलाच्या दृष्टीने पण. तरी २००१ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीच्या वेबसाईट जवळजवळ दिवसभर दिसेनाशा झाल्या, कारण त्यांचे चार डीएनएस सर्वर होते पण चारही नेटवर्कच्या एकाच भागात होते आणि तिथल्या राउटरच्या सेटिंगमध्ये गडबड झाली. चारही सर्वर ठणठणीत. पोचायचा रस्ता एकच, तोच बंद. याच्या उलट इंटरनेटचे रूट सर्वर (नाव शोधताना सगळ्यात वर ज्यांना विचारतात ते) बघा, १३ नावं आहेत, ती १२ वेगवेगळ्या संस्था चालवतात, आणि प्रत्येक नावाच्या मागे जगभर पसरलेली पुष्कळ मशिनं आहेत, म्हणजे एक संस्था बुडाली, एक देश अंधारात गेला तरी बाकीचे उत्तर देतच राहतात.

लहान ऑफिसात हे करणं खरंतर सगळ्यात स्वस्त काम आहे. दुसरा डोमेन कंट्रोलर (लॉगिन आणि पासवर्ड तपासणारा सर्वर) उभा करायचा, त्याच्यावर डीएनएस आपोआप येतं, आणि विंडोज सर्वर २०१२ पासून डीएचसीपी पण दोघांत वाटून देता येतं. ह्याला भारी मशीन लागत नाही, एक साधं मशीन पुरतं. पण मी बऱ्याच ठिकाणी काय बघतो, दोन डोमेन कंट्रोलर असतात, डोकावून बघावं तर दोन्ही व्हर्च्युअल मशिनं, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले नुसते नावाचे कॉम्प्युटर, एकाच लोखंडी डब्यावर. आणि तो डबा पण ज्या कॉम्प्युटरांवर पासवर्ड तपासायला अवलंबून असतो तीच व्हर्च्युअल मशिनं त्याच्या पोटात, म्हणजे तो पडला की उठवायला लॉगिन करायचं तरी कशाने. म्हणून निदान त्या डब्याचा स्वतःचा एक लोकल पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवा.

आता खुद्द हार्डवेअर. सर्वरमध्ये जास्त करून तेच जातं जे फिरतं, तापतं किंवा झिजतं. हार्ड डिस्क, पंखे, पॉवर सप्लाय, बॅटऱ्या. प्रोसेसर क्वचितच जातो.

डिस्कच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात एक आकडा असतो, एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी वेळ) १० लाख तास. भागाकार केला तर ११४ वर्षं येतात आणि माणूस खूश होतो की नातवंडांपर्यंत चालेल. तसं नसतं हो. त्याचा अर्थ असा की हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर त्यातल्या साधारण ९ जातील. बॅकब्लेझ नावाची बॅकअप कंपनी आपल्या लाखो डिस्कचे आकडे उघड छापत असते, त्यांच्याकडे पण वर्षाला एक-दोन टक्क्यांच्या आसपास जातात, आणि मॉडेलप्रमाणे यात बराच फरक पडतो. तुमच्या सर्वरमध्ये ६ डिस्क असतील आणि पाच वर्षं चालवायच्या असतील तर एखादी जाणारच असं धरून चाला. आधी कळेल या भरवशावर पण राहू नका, स्मार्ट नावाची डिस्कची स्वतःची तब्येत सांगणारी सोय असते ती उपयोगाची आहे, पण गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्क तपासून लिहिलं होतं की मेलेल्या डिस्कपैकी एक तृतीयांशाहून जास्त डिस्कांनी मरायच्या आधी स्मार्टमध्ये काहीच तक्रार दाखवली नव्हती.

म्हणून रेड. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी मांडलेली कल्पना, की एका महागड्या मोठ्या डिस्कच्या जागी स्वस्त लहान डिस्कांचा जथा वापरा, आणि त्यातली एखादी जाणारच हे गृहीत धरून थोडी जास्तीची माहिती साठवा. रेड १ म्हणजे सरळ आरसा, जे एकीवर लिहिलं तेच दुसरीवर. रेड ५ मध्ये जरा हिशोब आहे. समजा पहिल्या डिस्कवर ७ लिहिले, दुसरीवर ४, तर तिसरीवर दोघांची बेरीज ११ लिहायची. दुसरी डिस्क गेली? ११ मधून ७ वजा करा, ४ परत. पहिली गेली तरी तसंच. कॉम्प्युटर बेरजेच्या ऐवजी एक्सॉर नावाचं गणित करतो पण कल्पना हीच, आणि फायदा हा की पाच डिस्क घेतल्या तर चारांची जागा वापरायला मिळते, आरशात अर्धीच मिळाली असती. रेड ६ मध्ये असे दोन हिशोब ठेवतात, म्हणून दोन डिस्क गेल्या तरी चालतं.

कागदावर छान आहे. प्रत्यक्षात भानगड सुरू होते ती डिस्क बदलल्यावर. नवीन डिस्क बसवली की बाकीच्या सगळ्या डिस्क पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत वाचून तो हिशोब उलटा करावा लागतो. १६ टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबी वेगाने भरत गेली तरी २२ तास लागतात, आणि तेही सर्वर दुसरं काहीच काम करत नसेल तर, ऑफिस चालू असेल तर दोन-तीन दिवस सहज. या सगळ्या वेळात रेड ५ ला काहीच आधार नसतो आणि उरलेल्या डिस्क मात्र जन्मात कधी राबल्या नसतील तेवढ्या राबत असतात, ज्या त्याच कंपनीच्या, त्याच लॉटच्या, तेवढ्याच वयाच्या आहेत. शिवाय साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की साधारण १२.५ टीबी वाचताना एखादा तुकडा वाचता न येण्याची शक्यता आहे. हा कागदावरचा आकडा आहे, प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्याच बऱ्या निघतात, पण ४ टीबीच्या पाच डिस्कांतली एक गेली तर तुम्हाला १६ टीबी वाचायचेत हे लक्षात घ्या. माझं मत स्पष्ट आहे, मोठ्या डिस्कवर रेड ५ करू नये. दोनच डिस्क परवडत असतील तर आरसा करा, चार असतील तर रेड १० (आरशाच्या दोन जोड्या) किंवा रेड ६.

आणि आरशातल्या दोन डिस्क वेगळ्या लॉटच्या घ्या, शक्य असेल तर वेगळ्या कंपनीच्या. सिल्वर मॉलमध्ये एकाच दुकानातून एकाच खोक्यातल्या, एकापाठोपाठ एक सीरियल नंबरच्या दोन डिस्क घेतल्या की दुकानदार दोन पैसे कमी करतो हे मान्य, पण सुरुवातीला सांगितलेला घोळ आठवा. नाहीतर निदान एक डिस्क दोन-तीन महिन्यांनी बदलून टाका म्हणजे दोघींचं वय वेगळं होतं. अजून एक, घरगुती कॉम्प्युटरची डिस्क रेडमध्ये लावू नका, वाचता न आलेला तुकडा वाचायला ती अडून बसते, कधीकधी मिनिटभर सुद्धा, तोपर्यंत रेड सांभाळणारा कंट्रोलर तिला मेलेली समजून बाहेर काढतो. खोक्यावर नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना फाईल देणारा डबा) साठी लिहिलंय एवढ्यावर पण विश्वास नको, २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलला कबूल करावं लागलं होतं की त्यांच्या 'रेड' म्हणजे लाल नावाच्या मालिकेतल्या (या रेडचा वरच्या रेडशी संबंध नाही) काही डिस्कमध्ये एसएमआर नावाची हळू लिहिणारी पद्धत होती आणि ते आधी सांगितलेलं नव्हतं.

रेड कंट्रोलर कार्ड स्वतः पण हार्डवेअरच आहे हे लोक विसरतात. आठ डिस्क आणि एकच कार्ड. कार्ड गेलं तर डिस्क धडधाकट असून डेटा दिसत नाही, आणि त्याच जातीचं कार्ड पाच वर्षांनी बाजारात मिळेलच असं नाही. म्हणून लहान ऑफिससाठी मला लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड किंवा झेडएफएस (हेच काम कार्डाशिवाय करणारं दुसरं सॉफ्टवेअर) जास्त आवडतं, मदरबोर्ड उडाला तर डिस्क काढा, दुसऱ्या कुठल्याही मशीनमध्ये लावा, उघडतात. डेबियन नावाच्या लिनक्सवर तर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री रेड आपणहून पूर्ण तपासलं जातं, म्हणजे कुठे तुकडा खराब झाला असेल तर दुसरी डिस्क जायच्या आधी कळतं. कार्डच वापरायचं असेल तर त्याच्यावरची बॅटरी (लाईट गेली तर लिहायचं राहिलेलं सांभाळणारी) तपासत जा. ती संपली की कार्ड भीतीने प्रत्येक गोष्ट थेट डिस्कवर लिहायला लागतं आणि सर्वर एकाएकी मंदावतो, मग लोक व्हायरस शोधत बसतात.

रॅमबद्दल थोडक्यात. ईसीसी रॅम घ्या. साध्या रॅममध्ये एका खेपेला ६४ बिट असतात तिथे ईसीसीमध्ये ८ बिट तपासणीचे जास्त असतात, त्यामुळे एक बिट उलटा झाला तर जागच्या जागी दुरुस्त होतो आणि दोन उलटे झाले तर निदान ओरडून सांगतो. २००९ मध्ये गूगलच्याच सर्वरांवर झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त रॅमच्या पट्ट्यांमध्ये निदान एकदा तरी चूक झाली. साध्या रॅमवर ही चूक गुपचूप होते, आणि चुकीचा आकडा दोन्ही आरशांवर अगदी इमानदारीने लिहिला जातो.

आता लाईट. इथे आपल्याकडे जरा जास्त बोलावं लागेल. २००३ च्या निवडणुकीत मध्य प्रदेशात बिजली-सडक-पाणी यावर सरकार बदललं होतं, त्या काळातले लोक अजून घरात इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, मेणबत्ती सगळं जपून ठेवतात. आता लाईट तेवढी जात नाही, पण पहिल्या पावसात झटके येतात आणि सर्वरला लाईट जाण्यापेक्षा ते झटके जास्त बाधतात.

चांगल्या सर्वरला मागे दोन पॉवर सप्लाय असतात, एक गेला तर दुसरा एकट्याने पूर्ण ओझं उचलतो, आणि गेलेला चालू सर्वरमधून ओढून बदलता येतो. उत्तम सोय. पण मागे जाऊन बघावं तर दोन्ही वायरी एकाच एक्स्टेन्शन बोर्डात, तो बोर्ड एका यूपीएसवर, आणि झाडूपोछा करताना त्याच बोर्डाचं बटण पायाने दाबलं जातं. एक वायर एका यूपीएसवर आणि दुसरी दुसऱ्यावर पाहिजे. दुसरा यूपीएस परवडत नसेल तर दुसरी वायर सरळ भिंतीत लावा, चांगला सर्ज प्रोटेक्टर मध्ये टाकून, कारण कधीकधी यूपीएस पण स्वतःहून मरतो. दोन यूपीएस असतील तर अजून एक हिशोब करा जो हमखास राहून जातो, दोघांवर ६०-६० टक्के लोड दिसतोय म्हणून सगळे खूश असतात, आणि एक गेला की दुसऱ्यावर १२० टक्के येतो, तो पण ट्रिप होतो. दोघांचा मिळून लोड एकट्याच्या कुवतीत बसला पाहिजे.

यूपीएसच्या लेड ॲसिड बॅटऱ्या २५ अंश तापमान धरून बनवलेल्या असतात, त्याच्या वर साधारण ८ ते १० अंश गेलं की आयुष्य अर्धं होतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतं आणि यूपीएस कुठे ठेवलेला असतो, तर जिन्याखालच्या बिनखिडकीच्या कोनाड्यात, एसी फक्त सर्वरच्या खोलीला. मग पाच वर्षांची बॅटरी दोन वर्षांत बसते आणि यूपीएसचा हिरवा दिवा मात्र चालूच असतो. एकच खरी तपासणी आहे, रविवारी ऑफिस बंद असताना सांगून-सवरून भिंतीतला प्लग काढा आणि घड्याळ लावून बसा.

एसीचं पण तेच. एक एसी असेल आणि रविवारी दुपारी तो बंद पडला तर बंद खोलीत तापमान बघता बघता चढतं. दोन लहान एसी, आळीपाळीने, आणि तापमान वाढलं की मोबाईलवर मेसेज, एवढं पुरे.

नेटवर्कच्या स्विचबद्दल पटकन. सर्वरला दोन नेटवर्क पोर्ट असतात, ते दोन वेगळ्या स्विचमध्ये लावा, एकाच स्विचमध्ये नाही. पण स्विच-स्विच एकमेकांना दोन वायरींनी जोडले की गोल फेरा तयार होतो आणि एकच पॅकेट गरगर फिरत अख्खं नेटवर्क गुदमरवतं. यासाठी स्पॅनिंग ट्री नावाची पद्धत रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये काढली, जी जास्तीचा रस्ता झोपवून ठेवते आणि मुख्य रस्ता तुटला की जागा करते. स्वस्तातल्या बिनसेटिंगच्या स्विचमध्ये ती बहुतेक नसते. इंटरनेटच्या दोन लाईनी घेताना पण विचारा की दोघांची फायबर एकाच खांबावरून, एकाच चरातून येतेय का, कारण इथे मेट्रोसाठी जेसीबी लागला की तो कंपनी बघून वायर तोडत नाही.

इतकं सगळं करून पण मदरबोर्ड गेला तर सर्वर बंदच. मग पुढची पायरी, अख्खे दोन सर्वर, क्लस्टर. दोघं एकमेकांना सेकंदासेकंदाला हाक मारत असतात, आहेस ना, आहे. उत्तर आलं नाही की दुसरा पहिल्याचा आयपी पत्ता स्वतः घेतो आणि काम पुढे चालू. लोकांना हे ऐकून वाटतं की बस, हेच पाहिजे. पण हाकेला उत्तर आलं नाही याचे दोन अर्थ होतात, समोरचा मेलाय किंवा मधली वायर तुटलीये, आणि दुसऱ्या सर्वरला यातला फरक कळायला काही मार्गच नसतो. वायर तुटली असेल तर दोघंही जिवंत, दोघंही म्हणतात मीच मुख्य, दोघंही बिलं लिहायला लागतात. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. बिल नंबर ५०१ इकडे एकाच्या नावावर, तिकडे दुसऱ्याच्या. नंतर वायर जोडली तरी दोन वह्या एक करता येत नाहीत.

गिटहबचं (प्रोग्रामिंगवाले आपला कोड ठेवतात ती वेबसाईट) उदाहरण यात सगळ्यात बोलकं आहे. २१ ऑक्टोबर २०१८ ला ते एक खराब होत चाललेलं १०० गीगाबिटचं ऑप्टिकल उपकरण बदलत होते, त्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दोन ठिकाणांमधला संपर्क फक्त ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात त्यांच्या ऑटोमॅटिक यंत्रणेने पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसला मुख्य करून टाकलं. पूर्वेकडे काही सेकंदांचं असं लिखाण होतं जे पश्चिमेला पोचलं नव्हतं, आणि पश्चिमेने नवीन लिहायला घेतलं होतं. ४३ सेकंदांचं निस्तरायला २४ तास ११ मिनिटं लागली.

यावर उपाय आहेत. एक म्हणजे मतांची संख्या विषम ठेवायची, तिसरा एक लहान साक्षीदार ठेवायचा ज्याच्याकडे डेटा नसतो, फक्त मत असतं, आणि स्वतःला धरून तिघांपैकी दोघं ज्याला दिसत असतील त्यानेच चालायचं, ज्याला कुणीच दिसत नाही त्याने गप्प बसायचं. याला कोरम म्हणतात. दुसरा जरा रांगडा आहे, मुख्य व्हायच्या आधी समोरच्याची लाईट रिमोटने कापायची, मग तो मेला असो की जिवंत, भांडणच नाही. लिनक्सच्या पेसमेकर नावाच्या क्लस्टर सॉफ्टवेअरमध्ये ही सोय चालू करायला सांगतात आणि बरेच जण कटकट वाटते म्हणून बंद करून टाकतात. दोनच सर्वरचं क्लस्टर, साक्षीदार नाही, लाईट कापायची सोय नाही, याच्यापेक्षा एकटा सर्वर बरा असं मी सरळ सांगतो, निदान तो पडला तर पडला, डेटा दोन तोंडांनी तर बोलत नाही.

मग आपल्यासारख्यांनी काय करावं? आधी मालकाला, किंवा संस्था असेल तर सेक्रेटरीकाकांना, दोन प्रश्न विचारा. सर्वर किती वेळ बंद राहिला तर चालेल, आणि किती वेळाचं केलेलं काम गेलं तर चालेल. दोन्ही प्रश्नांना पहिल्यांदा उत्तर "शून्य" असंच येतं. मग त्यांना सांगा की वर्षभरात ९९.९ टक्के वेळ चालू म्हणजे सुद्धा पावणेनऊ तास बंद, आणि ९९.९९ टक्के म्हणजे ५२ मिनिटं, आणि एक एक ९ वाढवायला खर्च किती वाढतो ते. एवढं सांगितलं की उत्तर बदलतं. पतपेढीत बहुतेक ठिकाणी खरं उत्तर निघतं, अर्धा दिवस बंद चालेल, आजची एंट्री परत करू, पण कालपर्यंतचं काही जाता कामा नये. या उत्तराला क्लस्टर लागतच नाही. याला लागतो बॅकअप, कारण कुणी चुकून फोल्डर डिलीट केलं तर आरसा ते डिलीट पण त्याच क्षणी दुसऱ्या डिस्कवर करतो.

बॅकअप पण त्याच इमारतीत नको. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळालं, आणि काही गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं की त्यांचे बॅकअप पण त्याच ठिकाणी होते. आणि बॅकअप घेतला जातो म्हणजे परत आणता येतो असं नाही, गिटहबसारखंच काम करणाऱ्या गिटलॅबने जानेवारी २०१७ च्या शेवटी चुकून मुख्य डेटाबेस उडवला तेव्हा कळलं की पाच वेगवेगळ्या पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती, योगायोगाने ६ तास आधी घेतलेली एक कॉपी सापडली म्हणून निभावलं. तेव्हा तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून खरोखर एखादा महिना दुसऱ्या मशीनवर उतरवून अकाउंटंटला बसवा आणि ताळेबंद जुळतो का बघायला सांगा.

तसंच अलर्ट. एका ऑफिसात (नाव राहू दे) सर्वर सतत कुईंकुईं करत होता म्हणून कुणीतरी त्याचा बझरच बंद करून ठेवला होता, आरशातली एक डिस्क मरून बरेच महिने झाले होते आणि पुढचा नारिंगी दिवा सगळ्यांना सवयीचा झाला होता, नवीन आलेल्या मुलाला तर वाटायचं की तो तसाच असतो. मेल पाठवायची सोय बहुतेक रेडमध्ये असते, ती चालू करा, आणि मेल निदान दोघांना जाऊ द्या. मग एकदा मुद्दाम एक डिस्क ओढून बघा मेल येतो का, बॅकअप घेऊन झाल्यावर अर्थात.

बाकी माझा सल्ला विचाराल तर लहान ऑफिससाठी एकच चांगला सर्वर, ईसीसी रॅम, दोन पॉवर सप्लाय, दोन वेगळ्या लॉटच्या डिस्कचा आरसा, आणि शेजारी पैसे शिल्लक असतील तर त्याच मॉडेलचं एक जुनं रिफर्बिश्ड मशीन बंद अवस्थेत. सर्वरचे जुने मॉडेल कंपन्या विकून टाकतात तेव्हा बरेच स्वस्तात मिळतात. मुख्य सर्वरचा मदरबोर्ड गेला तर डिस्क काढून यात घाला, तासाभरात ऑफिस चालू, पंखा गेला तर पंखा काढा, पॉवर सप्लाय गेला तर तो. वर्षातून दोन वेळा ते मशीन चालू करून बघायचं, त्याच्या आतल्या लहान नाणं-बॅटरीसकट, आणि डिस्क बदलायचा सराव फक्त आयटीवाल्याने नाही तर ऑफिसातल्या अजून एकाने तरी करून ठेवायचा, कारण आयटीवाला नेमका लग्नाला उज्जैनला गेलेला असतो. आणि हे स्पेअर मशीन मुख्य सर्वरच्या खाली त्याच रॅकमध्ये ठेवू नका, वरच्या मजल्यावरच्या टाकीचं पाणी गळलं तर दोघांवर एकदम पडेल.